शटलने येणारा केक

२० मार्च १९७७, पाडवा

कॅफे उघडला. उघडला म्हणजे नारळ मी फोडला आणि अर्धा मीच खाल्ला. सहकार कॉलनीतले सगळे बंगले रेडिओला चिकटलेले — मतमोजणी चाललीय. आजचाच मुहूर्त कुणी सुचवला होता? मीच.

धुरपदा सकाळपासून कप पुसत बसली होती. चोवीस कप, चोवीस बशा, एकालाही तडा नाही. दुपारी म्हणाली, "अवो, गावाकडं निमुन्यात चावडीम्होरं टपरी टाकली असती तरी चार मानसं आली असती." बायको खरं बोलते तेव्हाच तिचा जास्त राग येतो.

पाटीवर मुद्दाम 'कॅफे' लिहून घेतलंय. हॉटेल म्हटलं की लोकांना माश्या आणि ओली बाकं आठवतात. इथं बागायतदार, वकील, डॉक्टर, कंत्राटदार राहतात. त्यांना दौंडात राहून पुण्यात राहिल्यासारखं वाटायला हवं. पोपटरावांनी बंगल्यापुढं हे चार गाळे बांधले तेव्हा हेच म्हणाले होते — "हौशीराम, कॉलनीत पैका लई हाय, दुकानंच न्हाईत. तू फकस्त ये."

शेजारच्या गाळ्यात साड्यांचं दुकान होतं. आज मी तोरण बांधत होतो आणि तो पाटी उतरवत होता. शिडी एकच. त्याचं काम झालं की त्यानं ती माझ्याकडे सरकवली, वर म्हणाला, "बेस्ट लक." घोडनदीचं माझं किराणा दुकान बुडण्याआधी पण मला सगळं असंच समोर दिसत होतं. लिहून ठेवतो, म्हणजे मागाहून 'कळलं नव्हतं' म्हणता येणार नाही.

२ एप्रिल

तीन गिऱ्हाइकं. त्यातलं एक पत्ता विचारायला.

११ एप्रिल

साडीवाला का गेला ते समजलं. सकाळच्या शटल गाडीने कॉलनीतल्या बायका पुण्याला जातात. संध्याकाळच्या शटलने परततात. स्टेशनपासून बंगल्यापर्यंत टांगा मिळतो, तरी कोपऱ्यावर उतरतात आणि चालत येतात — दुकानाचं नाव छापलेली पिशवी बाहेरच्या हाताला धरून. जिच्या पिशवीवर लक्ष्मी रोड लिहिलंय तिची चाल वेगळी. तीच साडी साडीवाल्याकडे होती, मी पाहिली होती. पण ती दौंडची होती ना!

डॉक्टरीणबाई आज आल्या. माहेर पुण्यातल्या सदाशिव पेठेत, हे त्या दुसऱ्या वाक्यात सांगतात. बशीतलं बिस्कीट उचललं. "हे कुठलं?" म्हटलं, "इथल्याच बेकरीचं." बिस्कीट परत बशीत. चहा मात्र संपवला.

२३ एप्रिल

स्टेशनच्या मालधक्क्यावर गेलो होतो. काम काही नव्हतं. रिकाम्या दुकानात बसवत नाही, म्हणून. कोंडिबा हमाल हातगाडीवर बसून डबा खात होता. ओळख जुनी, घोडनदीहून आलो तेव्हा माझं सामान त्यानंच वाहिलं. म्हणाला, "शेट, घ्या की थोडं. मंडळीनं केलाय." डब्यात केक. पिवळाधमक, वर बदामाचा एकच काप.

खाल्ला. असा केक मी जन्मात खाल्लेला नाही.

मंडळी म्हणजे त्याची बायको, कुशाबाई. रेल्वे लाइनच्या पलीकडं, बुद्धविहाराजवळच्या वस्तीत राहतात. एका गोऱ्या इंजिन ड्रायव्हरच्या बंगल्यात अठरा वर्षं स्वयंपाकाला होत्या. ड्रायव्हर रिटायर झाला, कुटुंब परदेशी गेलं, जाताना मेमसाहेब पत्र्याचा ओव्हन कुशाबाईंना देऊन गेली.

घास गिळल्यावर डोक्यात काय आलं तेही लिहितो, इथं कोण वाचणार आहे — आलं, की हा पलीकडच्या वस्तीतला घास. आईची शिकवण कुठं जाते? मग दुसरा तुकडा मागून घेतला.

२६ एप्रिल

एक ट्रे मागवला. काचेखाली ठेवला. दुपारी डॉक्टरीणबाई आल्या, बोट लावून म्हणाल्या, "हा पुण्याचाच ना?"

मी 'हो' म्हटलं.

ठरवून नाही बोललो. तोंडातून गेलं. त्यांनी इथं एक खाल्ला आणि सहा बांधून नेले. संध्याकाळपर्यंत ट्रे साफ! वकिलीणबाई कडक शाकाहारी, विचारलं, "अंडं असतं का हो?" म्हटलं, असतं. जरा थांबल्या. "पुण्याचं असलं की मी चालवून घेते," म्हणाल्या आणि दोन खाल्ले. हसू आवरायला मला मोरीत जावं लागलं.

२८ एप्रिल

कुशाबाईंकडे गेलो, धुरपदालाही नेलं. खोली सारवलेली, लखलखीत. कोपऱ्यात ओव्हन, वर धुतलेलं फडकं. मी खरं ते सांगून टाकलं. त्या आधी हसल्या. "पुन्याचा? म्या तर अजून पुनं धड बघितलं न्हाई, शेट." मग हसू गेलं. "आन् माझ्या हातचा म्हटलं तर खानार न्हाईत, व्हय ना?"

धुरपदा जमिनीकडं बघत बसली.

त्या म्हणाल्या, "चालू द्या. दुकान जमंस्तवर चालू द्या. पर एक दिस सांगायचं. पाटीवर नगं, तोंडानं सांगा — कुशाबाईनं केलाय म्हनून. अठरा वर्सं मेमसायबाचा केक म्हनत व्हती समदी. आता पुन्याचा. माझा कवा म्हननार?"

म्हटलं, दसऱ्याला. तोवर दुकान पायावर उभं राहील. शब्द दिला.

"द्या," म्हणाल्या. "आमचा बी मोठा दिस असतोय त्यो."

३ मे

युक्ती माझी. साडेपाचला लोको शेडचा भोंगा होतो, पाठोपाठ शटल येते. गाडीतले लोक बाहेर पडले की त्यांच्यातून कोंडिबा लाल सदरा घालून, डोक्यावर टोपली घेऊन कॉलनीत शिरतो. टोपली आलेली असते पलीकडच्या वस्तीतून, पूल चढून. पण कॉलनीला दिसतं ते एवढंच, की शटल आली आणि माल आला. बायका गॅलरीत उभ्या राहतात. आज एकीनं वरूनच विचारलं, "आला का?"

१९ मे

तिसऱ्या गाळ्यात खेळण्यांचं दुकान उघडलं. सरबत फुकट होतं, म्हणून कॉलनी लोटली. दुकानदार हरखला. मी काही बोललो नाही. मला कुणी सांगितलं होतं?

१४ जून

साडीवाल्याच्या गाळ्यात खंडूचा फोटो स्टुडिओ. पडद्यावर तळं आणि हंस रंगवलाय. खंडू पाटसचा, चांगला पोरगा, दाढी रोज करतो. "मामा, लग्नसराई गेली हातची, पर पुढल्या साली बघा." मी हो म्हटलं. हल्ली सगळ्याला हो म्हणतो.

१८ जुलै

यंदा श्रावण अधिक. म्हणजे दोन महिने कॉलनीचं अंडं बंद. मी घाबरलो. वकिलीणबाई म्हणाल्या, "पुण्यात बिनअंड्याचाही करतात म्हणे." म्हटलं, करतात, उद्यापासून मागवतो. कुशाबाईंना सांगितलं. तिसऱ्या दिवशी दही घालून केलेला असा हलका केक पाठवला की मीच तीन खाल्ले. "चार येळा फसला," कोंडिबा म्हणाला. "रडली पार. ऐकना. पाचव्यांदा फुगला तवा जेवली."

हे कुणाला सांगू? कॉलनीत म्हणतात, पुण्याचे लोक हुशार.

३० जुलै

खेळण्यांचं दुकान बंद. आगगाडीचा एक संच तेवढा गेला. तो घेणारा मुलगा आता सगळ्यांना सांगतो, पुण्याहून आणलाय.

२१ ऑगस्ट

दुकान भरलेलं असतं. धुरपदाचे हात कप धुऊन सोललेत. दर गुरुवारी महिला मंडळाच्या आठजणी येतात, त्यांना खिडकीजवळचं टेबल लागतं. पोपटरावांनी आज खांद्यावर हात ठेवला. "दिवाळीपस्तोर शेजारचा गाळा बी घे. मधली भिंत पाडून देतो." त्या गाळ्यात खंडू आहे. मी म्हटलं, त्याचं काय? म्हणाले, "त्याचं काय ऱ्हातंय? आजच किल्ली देऊन गेला." खरंच, कुलूप होतं. मला भेटला पण नाही. कॉलनीतल्या एका मुंजीचे फोटो काढायला पुण्याहून माणूस आला होता, त्याच्या पेट्या उतरवायला खंडूला बोलावलं होतं म्हणे.

धुरपदा रात्री जेवताना म्हणाली, "दुसरा गाळा नगं. आधी कुशाबाईचं सांगून टाका." म्हटलं, दसऱ्याला. "दसरा तुमाला काय कळवून येनार हाय का? आज गर्दी हाय तर आजच सांगा." बायकांना धंद्यातलं कळत नाही, असं मी बोललो. बोललो खरा.

२९ सप्टेंबर, गुरुवार

आज सगळं लिहितो.

कोंडिबा चार दिवस तापानं पडलाय. काल-परवा मीच स्टेशनवर जाऊन टोपली आणली. आज मंडळाच्या आठहीजणी लवकर आल्या, उठता येईना. कुशाबाईंना निरोप होता की ओव्हरब्रिजपाशी थांबा, कुणाला तरी धाडतो. धाडायला कुणी मिळालं नाही.

भोंगा झाला. पाच मिनिटांनी वकिलांच्या जीपचा ड्रायव्हर आत आला, बाईंना म्हणाला, "सायेब आले न्हाईत. शटलच न्हाई आली. वाटंत इंजन बंद पडलंय, आठ वाजत्याल."

आणि त्याच्या मागोमाग कुशाबाई. डोक्यावर टोपली. पुलापाशी कुणी आलं नाही, तेव्हा त्यांनी आपला भोंगा ऐकला आणि निघाल्या. पलीकडं सगळं भोंग्यावरच चालतं — भात कधी टाकायचा, पोरं कधी उठवायची. त्यात धक्क्यावर गाड्यांच्या शिट्ट्या दिवसभर असतातच. कुठली आली, कुठली नाही, कोण बघतंय!

फडक्यातून वाफ येत होती. मला दिसत होती, म्हणजे सगळ्यांनाच दिसत असणार.

वकिलीणबाई सगळ्यांकडे बघत म्हणाल्या, "गाडी तर आली नाही. मग केक कसा आला?"

डॉक्टरीणबाईंनी कुशाबाईंना विचारलं, "तू कुशा ना? ड्रायव्हरच्या बंगल्यातली? हे कुठून आणलंस?"

कुशाबाईंनी माझ्याकडं पाहिलं. भीती नव्हती चेहऱ्यावर. उलट — आता लिहिताना कळतंय — बरं वाटल्यासारखं होतं. दसऱ्याआधीच वेळ आली, एवढंच. दोन शब्द बोलायचे होते मला. 'यांनीच केलाय.'

मी म्हणालो, "हमालीण आहे. कोंडिबा आजारी आहे ना. माल कालचाच, स्टेशनवर पडून होता."

"कालचा?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "म्हणजे शिळं खायला घालता आम्हाला?"

त्या वाफाळणाऱ्या टोपलीपुढं मी मान हलवली. हो म्हणालो. चुकलं म्हणालो.

कुशाबाईंनी टोपली टेबलावर ठेवली. नीट, कडेला लागू न देता. "व्हय बाई," म्हणाल्या, "म्या हमालीन हाय." पदर सावरला आणि गेल्या.

आठहीजणी उठल्या. धुरपदा मोरीच्या दारात उभी होती, हातात ओला कप. मला वाटलं रागावेल. तिनं कप पुसून जागेवर ठेवला. अजून बोललेली नाही.

३० सप्टेंबर

टोपली आली नाही.

२ ऑक्टोबर

गेलो पलीकडं. कोंडिबा खाटेवर, उशाला पाणी. मला पाहून भिंतीकडं तोंड केलं. कुशाबाई तांदूळ निवडत होत्या. बसा म्हणाल्या. मी म्हटलं, चुकलं माझं, घाबरलो, माणसाचं होतं असं. त्या निवडत राहिल्या.

मग म्हणाल्या, "हमालीन म्हनलासा, त्याचं काय न्हाई. नवरा हमाल हाय, घाम गाळून खातो, त्यात कसला कमीपना? जात लपिवली तुमी, ती बी म्या लपवू दिली, माझा बी गुन्हा हाय त्यो. पर शिळा म्हनलासा, शेट. पाच वाजता काढलेला व्हता. हात पोळला माझा तवा." मनगटावरचा डाग दाखवला.

मी म्हटलं, दसऱ्याला सगळ्यांदेखत सांगतो. खरंच सांगतो.

"आता कुनाला? आता सांगशिला ते दुकान वाचवाया. माझ्यापायी न्हाई."

सुपातला खडा वेचून त्यांनी दाराबाहेर टाकला. मी उठून आलो. पुलावर दोनदा थांबलो. आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नव्हती, घोडनदीचं दुकान लिलावात निघालं तेव्हाही नाही.

१० ऑक्टोबर

खरोखर पुण्याला जाऊन केक आणला. चांगल्या नावाजलेल्या दुकानातला, खोक्यावर दोरी बांधलेला. खोकंच काचेवर ठेवलं. वकिलीणबाईंनी एक घास खाल्ला. "पूर्वीसारखा नाही हो. हा काही पुण्याचा वाटत नाही."

मी हसलो तर त्या रागावल्या.

२३ ऑक्टोबर

दसरा झाला. पाटी रंगवली नाही. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, सांगायला समोर कुणी नव्हतं. पलीकडून दिवसभर गाणी ऐकू येत होती. धुरपदा नवं लुगडं नेसून दुपारी एकटीच कुठं गेली आणि दिवेलागणीला आली. विचारलं तर म्हणाली, "गेले व्हते त्यास्नी सदिच्छा द्याया. तुमच्या वतीनं न्हाई. माझी म्या."

१६ नोव्हेंबर

दिवाळीत कॉलनीनं फराळसुद्धा पुण्याहून आणला.

२४ डिसेंबर

रेल्वे क्वार्टर्समध्ये गेलो होतो, एकाला टेबलं विकायची बोलणी होती. ख्रिस्ती वस्तीत उद्याची धांदल. एका ओट्यावर रांग लागलेली — पोरं, बाया, दोन गार्ड ड्रेसमध्ये. मागं कोंडिबा कागद फाडून देतोय, पुढं कुशाबाई. रांगेतलं एक पोर घराकडं तोंड करून ओरडलं, "मम्मी, कुशाबाईचा केक संपत आला, पैसे लवकर दे!"

असं म्हणतात तर. सरळ, कुणीही न सांगता.

मी रांगेत उभा राहिलो. माझी पाळी आली तेव्हा त्यांनी वर पाहिलं. एक तुकडा कागदात बांधला. "आजचा हाय, शेट," म्हणाल्या आणि माझ्या मागच्या बाईला विचारलं, "तुमाला किती?"

घरी आणून धुरपदाला दिला. मला खाववला नाही.

३१ डिसेंबर

गाळा रिकामा केला. चौथ्या गाळ्यात कोणी घड्याळवाला येतोय, शिडी मागत होता. दिली.

किल्ली द्यायला पोपटरावांकडे निघालो तर डॉक्टरीणबाई फाटकात उभ्या. निरोपाचे दोन शब्द बोलतील असं वाटलं. म्हणाल्या, "कुशा हल्ली क्वार्टर्समध्ये विकते ना? तिचा हात म्हणजे हात. मी तर पहिल्याच घासाला ओळखला होता. त्या मेमसाहेबांकडं दर नाताळला खाल्लाय मी."

मी म्हटलं, पहिल्या घासाला? एप्रिलमध्ये?

"मग! वकिलीणबाईंनाही ठाऊक होतं. सगळ्यांनाच. तुम्ही पुण्याचा म्हणत होता तोवर कुणाला काही बोलायची गरज नव्हती. त्या दिवशी नेमकी गाडी अडकली, आणि चारचौघींदेखत ती दारात उभी. विचारावं लागलं."

पाच महिने मी समजत होतो, मी यांना फसवतोय.